धारेचें पाणी

स्वयंपाकघरांतील वस्तूंमध्यें विळीइतकी रोजच्या वापरांतील आणि विळीइतकी उपेक्षित वस्तु दुसरी नसेल. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आहे कीं काय हें आपण पाहतों. तांदूळ जुना कीं नवा हें चार दाणे चावून ठरवितों. लुगडें घेतांना पदर उलटून त्याची वीण तपासतों. परंतु विळी घ्यावयाची वेळ आली म्हणजे पाट डगमगत नाहीं ना आणि खवणीचे दाते शाबूत आहेत ना, एवढें पाहून पैसे मोजतों व मोकळे होतों. पातें कोणत्या पोलादाचें आहे, त्याला पाणी कसें दिलें आहे, असें दुकानदाराला विचारणारा गृहस्थ मीं तरी अद्याप पाहिला नाहीं. याचें कारण उघड आहे. विळी विकत घेणारा बहुधा पुरुष असतो आणि विळीवर बसणारी बहुधा स्त्री असते. शेतांतहि तोच प्रकार. बाजारांतून डझनाच्या हिशेबानें विळे आणणारा मालक निराळा, आणि ज्वारीच्या धांड्यांवर दिवसभर तो विळा चालविणारी बाई निराळी. ज्याचें मनगट दुखतें त्याचा खरेदीशीं संबंध नाहीं, आणि ज्याचा खरेदीशीं संबंध आहे त्याचें मनगट दुखत नाहीं.

हा विचार माझ्या मनांत आला तो आमच्या काकूंमुळें. आमचें घर जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत, पिंपळगांव रेणुकाई येथें. घरांत लहानमोठीं मिळून चौदा माणसें. म्हणजे दोन्ही वेळची भाजी चिरणें हें एक लहानसें अनुष्ठानच. काकूंनीं पन्नासएक वर्षें ह्या घरांत भाजी चिरली आहे. एके दिवशीं नव्या झगझगीत विळीवरून उठून त्यांनीं अडगळींतली जुनी काळी विळी पुन्हां बाहेर काढली. माझ्या धाकट्या भावजयीला तें रुचलें नाहीं. ती म्हणाली, "काकू, ती विळी गंजते. कैरी चिरली तर फोडीसुद्धां काळ्या पडतात." काकू म्हणाल्या, "पडूं देत. पण ही चिरते गं; ती नुसती दाबते." दोघींचेंहि म्हणणें अक्षरशः खरें होतें. एकाच कामाच्या दोन पात्यांविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें एकाच वेळीं खरीं कशीं असूं शकतात, हें समजून घेण्यासाठीं मी गांवच्या लोहारशाळेंत जाऊं लागलों, आणि तेथें जें पाहिलें व पुढें जें वाचलें त्याचें हें टांचण आहे.

रेणुका ही परशुरामाची माता. तिच्या नांवाच्या गांवांत परशूच्या जातीच्या हत्यारांचा विचार निघावा हें योग्यच म्हणावयाचें. परंतु आमच्या गांवाची ख्याति हत्यारांबद्दल नाहीं. ती हिरव्या मिरचीच्या बाजाराबद्दल आहे. हंगामांत परगांवचे व्यापारी येतात आणि ट्रक भरभरून मिरची दूरच्या प्रांतांना जाते. ट्रक म्हटला कीं त्याच्या कमानीचे पाटे कधींना कधीं तुटावयाचेच. तुटलेला पाटा भंगारवाल्याकडे जातो आणि भंगारवाल्याकडून लोहाराकडे येतो. मिरची ज्या वाटेनें परमुलखीं जाते त्याच वाटेनें पोलाद गांवांत येतें, असें म्हटलें तरी चालेल. भाषेनेंहि हा संबंध आधींच जुळवून ठेवला आहे. जुन्या मराठींत पोलादाला 'तिखें' असा शब्द आहे. तिखट मिरची आणि तिखें पोलाद हीं एकाच 'तीक्ष्ण' शब्दाचीं लेंकरें. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन भेद सांगितले आहेत. त्यांतील तीक्ष्ण म्हणजेच हें धारेचें लोह.

लोखंड आणि पोलाद यांत भेद तो केवढा? शंभर भागांत अर्ध्यापासून सव्वा भागापर्यंत कार्बन असला कीं धार घेण्याजोगें पोलाद झालें. तो पाव भागाहून कमी असेल तर तें लोखंड लाल करून कितीहि वेळां पाण्यांत बुडवा, धार धरण्याइतकें तें कडक होत नाहीं. तोच दोन भागांच्या पलीकडे गेला कीं तें बीड झालें; तें ओतावें, पण ठोकूं नये. स्वयंपाकांत मिठाचें जें स्थान तेंच लोखंडांत कार्बनाचें. फरक चिमटीचा, पण सगळी चव त्या चिमटीवर.

रसायनशाळा हाताशीं नसतां लोहार हा अंश ओळखतो तरी कसा? तो ठिणग्या वाचतो. आमचे लोहारमामा साठीच्या घरांतले आहेत. गांवांत सारे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनीं मला अंधाऱ्या कोपऱ्यांत उभें केलें आणि फिरत्या सहाणेच्या चाकावर सळई, पाटा आणि जुनी कानस अशा तीन वस्तु एकामागून एक धरून दाखविल्या. सळईच्या ठिणग्या लांब आणि सरळ रेघांसारख्या गेल्या. पाट्याच्या रेघांना टोंकाशीं फुलें फुटलीं. कानशीच्या ठिणग्या चाकापासून हातभर गेल्या न गेल्या तोंच फुलबाजीसारख्या दाट फुलून विझल्या. कार्बन जितका अधिक तितकीं फुलें दाट, हा नियम पुस्तकांतहि आहे. मामांनीं तो पुस्तकांतून घेतला नव्हता, एवढेंच.

प्रथम सळईचें सांगतों. जालना शहर पोलादाच्या सळयांसाठीं प्रसिद्ध आहे. तेथें विजेच्या भट्ट्यांत भंगार वितळवितात आणि त्यांतून इमारतींच्या सळया लाटल्या जातात. तेव्हां पोलादाच्या जिल्ह्यांत राहून विळ्याच्या पोलादाची चिंता कसली, असें कोणीहि म्हणेल. परंतु इमारतीच्या सळईंत कार्बन शेकडा ०.३० हून अधिक असूं नये असें भारतीय मानक आहे, आणि तें योग्यच आहे. कारण भूकंपाच्या धक्क्यांत सळई वांकावी, तुटूं नये, आणि तिला जोडहि देतां यावा. जो गुण घराला तारक तोच धारेला मारक. तरीहि सळईचें खुरपें करतात, आणि त्याची मी निंदा करणार नाहीं. आमच्या काळ्या जमिनींत चुनखडीचे खडे असतात. कडक पोलादाचें खुरपें खड्यावर आपटलें कीं धारेचा टवका उडतो. सळईच्या खुरप्याची धार नुसती वळते, आणि बाई तें दगडावर दोन वेळां घांसून पुढें सरकते. मात्र त्याच सळईचा विळा केला तर सकाळची न्याहारी होण्यापूर्वींच तो कापावयाचें सोडून ओढूं लागतो. ज्वारीच्या धांड्यांत सिलिका, म्हणजे वाळूचेंच द्रव्य, असतें. धांडा कापणें म्हणजे एका अर्थीं अत्यंत बारीक वाळूवर धार घांसणेंच होय.

कमानीच्या पाट्याचा मान यामुळेंच मोठा. त्यांत कार्बन शेकडा अर्ध्याहून किंचित् अधिक असतो, आणि त्याच्या जोडीला कोठें सिलिकॉन व मँगनीज, तर कोठें क्रोमियम. भाराखालीं वांकावें आणि भार उतरतांच पुन्हां पूर्ववत् व्हावें, ह्यासाठींच तें पोलाद मुळांत घडविलेलें असतें. विळा, कोयता, कुऱ्हाड ह्या तिघांनाहि तोच स्वभाव हवा. त्यांत दोष आहे तो पोलादाचा नव्हे, वयाचा आहे. लाखों हिसके खाल्लेल्या पाट्याच्या पोटांत केसासारखी भेग लपलेली असूं शकते, आणि ती विळ्यांत उतरली तर एक दिवस अर्धें पातें हातांत आणि अर्धें कापणाऱ्याच्या पायांत, असा प्रसंग यावयाचा. म्हणून मामा पाट्याचा मधल्या भोंकाजवळचा भाग टाकून देतात, आणि उरलेला तुकडा तारेला टांगून हातोडीनें हलकी टिचकी मारतात. अखंड पाटा खणखणतो, भेगाळलेला बद्द बोलतो. उन्हाळ्यांत माठ घेतांना आपल्या घरच्या बायका नेमकें हेंच करतात. विद्या एकच, एक मातीवर चालते, दुसरी पोलादावर.

कानशींत कार्बन एक भागाहूनहि अधिक असतो. तिची सुरी केली तर धार कागदासारखी बारीक येते आणि फार दिवस टिकते. माझ्या चुलत भावाकडे अशी एक सुरी होती. पिकलेल्या टोमॅटोची साल ती नुसत्या स्पर्शानें उघडी. परंतु एके दिवशीं ती ओट्यावरून शहाबादी फरशीवर पडली आणि तिचें टोंक काडीसारखें मोडलें. मामांचें त्यावर भाष्य एवढेंच होतें: "तिला राग लवकर येतो." बेअरिंगचें कडें हें त्याहून उत्तम पोलाद, त्यांत सुमारें एक भाग कार्बन आणि दीड भाग क्रोमियम असतो. पण तें उलगडून सपाट करणें कष्टाचें, आणि आंच थोडी चुकली तर तें घणाखालीं तडकतें. कारखान्यांतील मोठ्या करवतीचीं पातीं पुष्कळदां अशा पोलादाचीं असतात कीं त्यांना पाणी द्यावयाला बाराशें अंशांच्या जवळपास उष्णता लागते. तीं खेड्यांतल्या भात्याला दाद देत नाहींत. थंड ठेवून, घांसूनच त्यांची सुरी करावी लागते. रेल्वेच्या रुळांतहि धारेजोगा कार्बन असतो, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणें हा १९६६ च्या कायद्यानें गुन्हा आहे, म्हणून त्या पोलादाची स्तुति येथेंच थांबवितों.

परंतु पोलाद चांगलें मिळालें म्हणजे काम झालें असें नव्हे. पोलाद म्हणजे कणीक; पोळी व्हावयाची ती तव्यावर. आपण एकाद्या माणसांत 'पाणी आहे' असें म्हणतों, कोणाचें तरी 'पाणी जोखतों'. ह्या बोलण्याला लोहारशाळेंत प्रत्यक्ष अर्थ प्राप्त होतो. पातें घडवून झाल्यावर त्याला पाणी पाजावयाचें असतें. त्यासाठीं तें लाल करावयाचें. पण लाल म्हणजे कोणता लाल? वाळल्या मिरचीचा काळसर लाल अपुरा पडतो. जास्वंदीचा लाल बरोबर. झेंडूचा नारिंगी आला कीं पोलादाचे कण मोठे होतात आणि पातें ठिसूळ होतें. हा भेद भर उजेडांत दिसत नाहीं. लोहारशाळेला मोठी खिडकी नसते ती गरिबीमुळें, असें मला पूर्वीं वाटे. वस्तुतः तो अंधार हें लोहाराचें उपकरण आहे. लोखंड सुमारें ७७० अंश सेल्सियसला तापलें म्हणजे लोहचुंबकाला चिकटेनासें होतें, आणि पाणी देण्याची वेळ त्याच्या किंचित् पुढें येते. माझ्या पुतण्यानें एकदां चुंबक नेऊन मामांची परीक्षा पाहिली. तीन वेळां मामा "आतां" म्हणाले, आणि तिन्ही वेळां चुंबकानें पात्याकडे पाठ फिरविलेली होती. पुतण्यानें चुंबक खिशांत घातला तो पुन्हां काढला नाहीं.

तापलेलें पातें एकदम थंड केलें कीं तें कांचेसारखें कडक आणि कांचेसारखेंच ठिसूळ होतें. जाड कुऱ्हाडीला पाणी, बारीक विळ्याला तेल, असा मामांचा क्रम आहे; कारण पाण्याचा धक्का मोठा, आणि बारीक पात्याला तो सोसत नाहीं. आतां खरी कला पुढेंच आहे. ह्या कडकपणांतला थोडासा अंश परत काढून घ्यावा लागतो. पातें दगडानें घांसून चकचकीत करावें आणि पुन्हां हलकेंच तापवावें, म्हणजे त्याच्यावर रंग चढूं लागतात: प्रथम गव्हाच्या काडीचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटीं मोरपिशी निळा. पिवळा सुमारें २२० अंशांवर आणि निळा सुमारें ३०० अंशांवर येतो. सारा खेळ ह्या ऐंशी अंशांत. भाजीच्या सुरीला पिवळ्यावर थांबवावें, विळ्याला तपकिरीवर, आणि लांकडावर घाव घालणाऱ्या कुऱ्हाडीला जांभळ्याच्या पुढें जाऊं द्यावें. मामा तर दोन वेळां तापवितहि नाहींत. ते फक्त धार बुडवितात. पाठीचा उरलेला ताव हळूहळू धारेकडे सरकतो. त्याबरोबर रंगहि सरकतो. आणि हवा तो रंग धारेवर येतांच, डोळ्याचें पातें लवावयाच्या आंत, सबंध पातें बुडवून टाकतात. पाठ मऊ, धार कडक. बाजारांतील स्वस्त विळा पत्र्यांतून एका ठोक्यानें कापून काढलेला असतो. त्याला हें शिक्षण मिळालेलें नसतें.

आतां त्या झगझगीत विळीकडे वळूं. न गंजणारें पोलाद इंग्लंडांतील शेफील्ड येथें हॅरी ब्रिअर्ली ह्यांनीं १९१३ सालीं केलें. ते शोधीत होते बंदुकीच्या नळीसाठीं झिजेला दाद न देणारी धातु. सांपडली जेवणाच्या सुरीची. पहिल्या कांहीं वर्षांत 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' अशी त्यांची थट्टाहि झाली, कारण ह्या नव्या पोलादाला पाणी देण्याची रीत कारागिरांना ठाऊक नव्हती. शंभरांत साडेदहाहून अधिक भाग क्रोमियम असलें म्हणजे पोलादावर त्याचा अदृश्य पापुद्रा धरतो आणि गंज आंत शिरत नाहीं. परंतु येथें एक भेद गृहिणींनीं अवश्य ध्यानांत ठेवावा. ताटवाट्यांचें स्टेनलेस, ज्यांत सुमारें अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असतें, तें तापवून बुडविल्यानें कडक होतच नाहीं. पात्याचें स्टेनलेस निराळें. त्यांत क्रोमियम तेरा भागांच्या आसपास, निकेल जवळजवळ नाहीं, आणि कार्बन जाणूनबुजून ठेवलेला. ताटाला चुंबक सहसा चिकटत नाहीं, पात्याला चिकटतो. चांगल्या कारखान्यांत, हजार अंशांच्या वरच्या मोजलेल्या आंचेंत पाणी दिलेलें असें पातें खरोखर उत्तम असतें. परंतु स्वस्त विळींत कार्बन कमी आणि आंच बेताची, म्हणून ती दिसते चांदीसारखी आणि वागते पत्र्यासारखी. काकूंचें "ती नुसती दाबते" हें विधान धातुशास्त्राला धरूनच होतें.

भावजयीचें म्हणणेंहि तितकेंच शास्त्रशुद्ध. कैरी, आवळा, केळफूल ह्यांत तुरट द्रव्य असतें, आणि त्याचा लोखंडाशीं संयोग झाला कीं काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस उकळून पूर्वीं बोरूची शाई करीत, ती ह्याच न्यायानें. जुन्या विळीवर आवळा चिरणें म्हणजे ताटांत थोडी शाई बनविणेंच. ती अपायकारक नाहीं, पण लोणच्याची शोभा घालविते. शिवाय काळ्या पात्याची सेवा करावी लागते: चिरणें झालें कीं लगेच धुवावें, कोरडें पुसावें, चार दिवसांनीं चिंचेनें घांसून तेलाचें बोट फिरवावें. चौदा माणसांच्या घरांत ही सेवा कोणाच्या वाट्याला येते, हें न सांगतांहि समजण्यासारखें आहे. तेव्हां "जुनें तें सोनें" असें पुरुषांनीं माजघरांत बसून म्हणणें सोपें आहे. तें सोनें रोज घांसणारीचा सल्ला आधीं घ्यावा.

आम्हीं तो घेतला, आणि शेतावरहि घेतला. एका रब्बीच्या सोंगणीला चार प्रकारचे विळे आणून मुठींवर खुणा केल्या आणि सोंगणीवरच्या बायकांना सांगितलें कीं पाळीपाळीनें सगळे वापरा आणि काय तें सांगा. बाजारी विळा दुपारपर्यंत तीन-चार वेळां दगडावर गेला. पाट्याचा विळा एकदांच गेला. सळईचा तर दोघींनीं तासाभरांत बाजूला टाकला. चौथा बेअरिंगच्या पोलादाचा होता. धारेंत तो सर्वांवर ताण होता, पण बोथटला तेव्हां शेतांतल्या साध्या दगडाला मुळींच दाद देईना. त्यांतल्या वयानें वडील बाईनें जो निर्णय दिला तो एकाद्या प्रबंधाच्या शेवटीं शोभावा असा होता. ती म्हणाली, "दादा, जो बांधावरच्या दगडावर लागतो तोच आपला इळा. धार गेली तर ती आणायला गांवांत कोण जाईल?" ज्याची धार फार टिकते तें पोलाद उत्तम, असा माझा समज पुस्तकांनीं करून दिला होता. त्या बाईच्या व्याख्येंत पोलादाबरोबर तिच्या हाताशीं असलेला दगडहि होता, आणि तीच व्याख्या अधिक पूर्ण आहे.

हें सारें ज्ञान आपल्याच भूमीला अपरिचित होतें असें नाहीं. जालना १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यांत होतें त्याच राज्यांत कोनासमुद्रम् हें गांव होतें. आज तें तेलंगणांतील निजामाबाद जिल्ह्यांत आहे. तेथील कारागीर मातीच्या बंद मुशींत पोलाद वितळवून त्याचे गोळे करीत, आणि ते पारखून नेण्यासाठीं इराणचे व्यापारी येत. ज्या पाणीदार तरवारींना युरोपांत दमास्कसचें नांव पडलें, त्यांच्या पोलादाचें एक माहेर हें असें दख्खनांत होतें. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८१९ सालीं ह्या हिंदी पोलादाचें पृथक्करण प्रसिद्ध केलें, आणि पुढें स्टोडार्ट नांवाच्या सुऱ्याकात्र्या करणाऱ्या कारागिराला बरोबर घेऊन तसें पोलाद करण्याची खटपट केली. विजेच्या शास्त्रांत अमर झालेला हा पुरुष लोहाराचा मुलगा होता, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. पात्यावरच्या त्या लाटांचें मर्म पुढें दीडशेंहून अधिक वर्षांनीं उलगडूं लागलें. अमेरिकेंतील व्हरहोव्हन हे प्राध्यापक आणि पेंड्रे हे लोहार ह्यांनीं मिळून १९९८ सालीं दाखविलें कीं, व्हॅनेडियमसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश आणि पुनःपुन्हां तापवून ठोकणें ह्यांच्या योगानें त्या लाटा उमटतात. दोन्ही वेळां शास्त्रज्ञ आणि कारागीर एका भट्टीशीं उभे राहिले, तेव्हांच गांठ सुटली. आमच्याकडे मात्र 'तीक्ष्ण' लोहाचे भेद पोथींत राहिले आणि त्याचा ताव ऐरणीपाशीं राहिला. पोथी वाचणाऱ्यानें भात्याची दोरी ओढली नाहीं, आणि भाता ओढणाऱ्याच्या हातीं पोथी दिली गेली नाहीं. हें नुकसान कोणाचें झालें याचा हिशेब आपणच करावा.

तो हिशेब आज अगदीं दाराशीं आला आहे. मामांचा मुलगा जालन्याच्या एका सळयांच्या कारखान्यांत कामाला आहे. त्याला महिन्याच्या महिन्याला ठराविक पगार मिळतो. त्यानें गांवीं परत यावें असें म्हणण्याचा अधिकार मला नाहीं. मामांनाहि तसें वाटत नाहीं. त्यांचें दुःख निराळें आहे. ते एकदां म्हणाले, "भंगाराच्या ढिगांत पाटा, कानस, सळई सगळं एकाच भट्टींत जातं. तिथं कुणी विचारीत नाहीं, तूं कोण होतास." पोलादाविषयींचें तें वाक्य मी पुष्कळ दिवस विसरलों नाहीं.

कोणी म्हणतील कीं पूर्वींची बलुत्याची पद्धत बरी होती. वर्षाच्या धान्याच्या बदल्यांत लोहार फाळ, कुळव, खुरपीं शेवटून देई, म्हणून हत्यार टिकाऊ करण्यांतच त्याचें हित होतें. यांत तथ्य आहे; आजचा दुकानदार विळा लवकर मोडला तर खूषच होईल. परंतु बलुत्याची आठवण ओट्यावर बसणाऱ्याला जितकी गोड लागते तितकी अंगणांत उभें राहून सुपांतलें धान्य घेणाऱ्याला लागेलच असें नाहीं. त्या पद्धतींत हत्याराची काळजी होती, माणसाची किंमत नव्हती. तेव्हां ती परत आणूं नये. तिच्यांतला एक अंश मात्र घ्यावा. आमच्या घरीं आतां ठरलें आहे तें असें: विळे आणि विळीचें पातें मामांकडून करून घ्यावयाचें, घडणावळ निराळी आणि पाणी पाजण्याची मजुरी निराळी, दोन्ही रोख, आणि दर वर्षीं सुगीपूर्वीं सर्व हत्यारें शेवटण्यासाठीं त्यांच्याकडे, ठरलेल्या दरानें. बाजारी विळ्याच्या दुपटीहून अधिक पैसे प्रथम पडले. परंतु बाजारी विळे दर सुगीला नवे घ्यावे लागत. हे विळे चौथी सुगी पाहत आहेत. कैरीआवळ्यासाठीं एक चांगलें स्टेनलेसचें पातें ठेवलें आहे, आणि रोजच्या भाजीला पाट्याचें. काळें पातें पुसून ठेवण्याचें काम ज्यानें त्यानें, म्हणजे शेवटीं चिरणाऱ्यानें करावयाचें. आणि चिरणाऱ्यांत हल्लीं माझे दोन पुतणेहि आहेत.

गावोगांवीं अशी एकादी लोहारशाळा अजून धुगधुगत असेल; घिसाडी बांधवांच्या गाड्याहि अधूनमधून वेशीशीं उतरतात. त्यांच्याकडून एक सुरी करून घेण्यानें कोणाचा धंदा तरेल असा भाबडा आशावाद मी धरीत नाहीं. परंतु जो घडवितो त्याला "हें पोलाद कशाचें? रंग कोणता धरला होता?" एवढे दोन प्रश्न आपण विचारले, तर त्याला कळतें कीं आपल्या कामांतला कठीण भाग कोणाला तरी दिसतो. पगारी नोकरी सोडून मुलगा परत येणार नाहीं. पण नातवाला सुटींत भात्यापाशीं बसवावेंसें आजोबाला वाटेल, हेंहि थोडें नाहीं. मामांचा नातू गेल्या दिवाळींत रंग ओळखावयाला शिकला. पिवळा आणि तपकिरी त्याला साधतो. जांभळ्यापाशीं तो अजून घाई करतो.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतों, पोथ्यांची करतों, आणि कित्येक घरीं विळीसुरीलाहि हळदकुंकू वाहतों. पूजेपूर्वीं तीं हत्यारें घांसून स्वच्छ करण्याची रीत आहे. त्या दिवशीं प्रत्येक घरांत आणखी एक गोष्ट व्हावी असें मला वाटतें: वर्षभर जिनें विळी चालविली तिला विचारावें कीं, धार कशी आहे? ती म्हणाली कीं बरी नाहीं, तर पुढच्या बाजारापर्यंत न थांबतां पातें लोहाराकडे पाठवावें. कडकपणा पोलादाच्या अंगीं आगीनें येतो आणि शहाणपण त्यांतला थोडा कडकपणा सोडून दिल्यानें येतें, हें मामांनीं मला दाखविलें. किती सोडावा, हें मात्र जें काम करावयाचें त्यावर आणि तें करणाऱ्या हातावर ठरतें.